कोरियन सौंदर्य, व्हाया मनमाड

उभ्या महाराष्ट्राला मनमाड माहीत आहे ते गाडी बदलण्याचं ठिकाण म्हणून. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार दिशांचे रूळ इथे एकत्र येतात. स्टेशनाबाहेरच्या गावाची ओळख मात्र वेगळी आहे. गुपतसर साहिब गुरुद्वारा, रेल्वेचा जुना इंजिनिअरिंग कारखाना, अन्न महामंडळाची गोदामं, पानेवाडीचे तेल डेपो, अंकाई-टंकाईची जोडी, आकाशात अंगठा उभारल्यासारखी हडबीची शेंडी आणि वर्षानुवर्षांची पाणीटंचाई, हे ते मनमाड.

या गावात आता आणखी एक वाट येऊन मिळाली आहे. ४२३१०४ हा पिनकोड टाकला की कोरियातल्या कारखान्यातून निघालेली लहानशी बाटली कुरिअरवाल्याच्या थैलीतून दारात येते. तिच्यावर लिहिलेलं असतं: तांदळाचा अर्क, जिनसेंग, मंडूकपर्णी, नाहीतर चक्क गोगलगाईचा स्राव. सोबत सांगितलं जातं की हे दहा टप्प्यांत लावा, चेहरा काचेसारखा चमकेल. त्याला नाव आहे ‘ग्लास स्किन’.

नव्याने या वाटेला लागलेल्या मुलीचा उत्साह खरा असतो. पहिल्या पगारातून घेतलेलं सनस्क्रीन, मैत्रिणींनी वर्गणी काढून मागवलेले शीट मास्क, मोबाइलवर पाहून शिकलेला ओठांचा फिकट-गडद रंग, यात आनंद आहे आणि स्वतःकडे लक्ष देण्याची इच्छाही आहे. या उत्साहाला नेमक्या माहितीची जोड मिळाली, तर पैसेही वाचतील आणि त्वचाही. सोलसाठी बनलेली ही पद्धत मनमाडच्या उन्हात आणि मनमाडच्या पाण्यात कशी वापरायची, हा खरा प्रश्न आहे.

क्रीमच्या डबीतून उभा राहिलेला उद्योग

मराठी घरात एलजी हे नाव टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीनमुळे ओळखीचं आहे. पुण्याजवळ रांजणगावला या कंपनीचा मोठा कारखाना आहे. पण एलजीची सुरुवात झाली ती चेहऱ्याच्या क्रीमने. १९४७ साली कू इन-ह्वे यांनी बुसान शहरात रासायनिक उत्पादनांची कंपनी काढली आणि ‘लकी क्रीम’ बाजारात आणलं. क्रीमच्या डब्यांची झाकणं फुटायची, म्हणून कंपनी प्लास्टिककडे वळली. प्लास्टिकनंतर रेडिओ आला आणि मग बाकीचं सगळं. लकी आणि गोल्डस्टार या दोन नावांची आद्याक्षरं म्हणजे एलजी. भारतीय मॉलमध्ये दिसणारा ‘द फेस शॉप’ हा ब्रँडही २०१० पासून याच समूहाचा आहे.

दुसरं मोठं घराणं आमोरेपॅसिफिकचं. १९३० च्या दशकात केसॉंग शहरात युन डोक-जॉंग ही बाई कॅमेलियाच्या बियांचं केसांना लावायचं तेल घरी काढून विकत असे. तिचा मुलगा सो सॉंग-ह्वान याने १९४५ मध्ये कंपनी स्थापन केली. कोरियन युद्धाने देश उद्ध्वस्त झाला. त्यानंतर १९६०च्या दशकात या कंपनीच्या विक्रेत्या बायका दारोदार जाऊन माल विकू लागल्या. घराबाहेर पडून चार पैसे कमावण्याची वाट त्यातून हजारो कोरियन बायकांना मिळाली.

आज मनमाडच्या मुलीला परवडेल अशी कोरियन वस्तू बनते, त्याचं मूळ १९९७च्या आशियाई आर्थिक संकटात आहे. लोकांच्या हातात पैसा उरला नाही. महागड्या परदेशी ब्रँडना पर्याय म्हणून २००० नंतर ‘मिशा’ आणि २००३ पासून ‘द फेस शॉप’ यांनी स्वस्त पण चांगल्या मालाची दुकानं थाटली. मिशाने तर ३,३०० वॉन या एकाच किमतीवर बाजार हलवून टाकला. कॉसमॅक्स आणि कोल्मार कोरिया यांसारख्या कंपन्या दुसऱ्यांसाठी उत्पादन करून देत होत्या. त्यामुळे कारखाना न उभारताही नवा ब्रँड काढणं शक्य झालं. स्पर्धा वाढली, नव्या वस्तू झपाट्याने येऊ लागल्या. २००८ मध्ये आमोरेपॅसिफिकच्या ‘आयोपे’ने स्पंजात भिजवलेलं फाउंडेशन डबीत घालून ‘कुशन’ आणलं आणि जगभरच्या कंपन्यांनी ती कल्पना उचलली. २०२४ मध्ये कोरियाची सौंदर्यप्रसाधनांची निर्यात १० अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

भारतात ‘इनिसफ्री’ने २०१३ मध्ये दिल्लीत दुकान उघडलं. खरी लाट मात्र टाळेबंदीच्या काळात आली. घरात अडकलेल्या लोकांनी मोबाइलवर कोरियन मालिका पाहिल्या, बीटीएसची गाणी ऐकली आणि पडद्यावरचे नितळ चेहरे मनात राहिले. मुंबईतून चालणाऱ्या नायका आणि पर्पल यांसारख्या कंपन्यांनी हा माल लहान गावांपर्यंत पोचवला. २०२३ मध्ये रिलायन्सचं ‘टिरा’ हे सौंदर्यप्रसाधनांचं दुकान वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालं. भारतीय कंपन्यांनीही तांदळाचं पाणी, सिका (म्हणजे मंडूकपर्णी) आणि कोरियातल्या जेजू बेटाचं नाव आपल्या बाटल्यांवर आणलं. त्यामुळे निवड वाढली आणि गोंधळही वाढला.

मालेगावचं ऊन, निफाडची थंडी, टँकरचं पाणी

सोल ३७ अंश अक्षांशावर आहे, मनमाड २० अंशांवर. चेहऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. सूर्य इथे डोक्यावर असतो. एप्रिल-मे महिन्यांत अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटना या पातळीला ‘अतितीव्र’ म्हणते. एका बाजूला उन्हाळ्यात ४३ अंशांवर तापणारं मालेगाव, दुसऱ्या बाजूला राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी दर हिवाळ्यात बातमीत येणारं निफाड. मनमाडची कातडी या दोन्हींच्या मधे वर्ष काढते. मार्च ते मे कोरडी झळ, डिसेंबर-जानेवारीत ओठ फाटणारी थंडी आणि मधे पावसाळ्याचा चिकट दमटपणा.

आणि पाणी. शहराला वर्षानुवर्षं पाणी मिळालं ते वागदर्डी धरणातून, आणि ते धरण पालखेड कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून. आवर्तन लांबलं की नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याचे दिवस मनमाडकरांनी कितीदा तरी पाहिले आहेत. दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणातून थेट जलवाहिनी आणण्याची योजना याचसाठी हाती घेण्यात आली. तोवर ड्रम, पिंप, बोअर, टँकर आणि पिण्यासाठी जार हा संसाराचा भाग झाला. ज्या घरात धुण्याचं पाणी फरशी पुसायला ठेवतात, तिथे सकाळी एकदा आणि रात्री दोनदा तोंड धुवा, हा सल्ला जसाच्या तसा चालणार नाही.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चोथा तयार होतो आणि तो कातडीवर बसतो. चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा वाटतो, खाजतो, पांढरट दिसतो. त्यावर उपाय म्हणून मुली आणखी साबण लावतात आणि कोरडेपणा आणखी वाढतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५. अंगाच्या साबणाचा सामू ९-१० च्या घरात असतो. कोरियन फेस वॉशच्या जाहिरातीत ‘लो पीएच’ हे शब्द दिसतात, त्यांचा अर्थ इतकाच की हा द्रव त्वचेच्या सामूच्या जवळचा आहे. साबण नसलेला असा सौम्य क्लेन्झर जड पाण्यातही चोथा धरत नाही. मनमाडच्या पाण्यासाठी कोरियन पद्धतीतली ही गोष्ट खरोखर मोलाची आहे. आणि ती फक्त कोरियन बाटलीतच मिळते असंही नाही. मेडिकलमध्ये मिळणारे साबणविरहित क्लेन्झर हेच काम करतात.

दिवाळीचं अभ्यंग आणि ‘डबल क्लेन्झिंग’

कोरियन पद्धतीत रात्री चेहरा दोनदा साफ करतात. आधी तेलाने, मग पाण्यात मिसळणाऱ्या फेस वॉशने. सनस्क्रीन आणि मेकअप तेलात विरघळतो, म्हणून पहिला हात तेलाचा. तेल आणि घाम काढायला दुसरा हात फेस वॉशचा. नरक चतुर्दशीच्या पहाटे मराठी घरात हेच घडतं. आधी अंगाला कोमट तेल, मग ते काढायला उटणं. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, चंदन आणि डाळीचं पीठ यांच्या त्या मिश्रणात पिठाचं काम तेल शोषून घेण्याचं. जोसॉन राजवटीच्या काळात कोरियन बायकाही मूग आणि इतर कडधान्यांच्या पिठाने तोंड धुवत. १८०९ मध्ये यी बिंगहोगाक या विदुषीने लिहिलेल्या ‘ग्युहाप चोंगसो’ या गृहिणींसाठीच्या ज्ञानकोशात स्वयंपाक, रंगकाम आणि शेतीबरोबर प्रसाधनांच्याही कृती आहेत. तांदळाचं धुवण केसांना लावणाऱ्या आजीला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही.

फरक सवयीत आहे. आपण अभ्यंग वर्षातून चार दिवस करतो, कोरियन माणूस चेहऱ्यासाठी ते रोज करतो. मात्र दिवाळीचं भरड उटणं रोज चेहऱ्यावर घासू नये. त्याने कातडी खरवडली जाते आणि मुरुम असलेल्या चेहऱ्यावर डाग वाढतात.

पाणी कमी असेल तर पद्धत अशी बसवता येते. सकाळी फेस वॉश वगळायचा, दोन ओंजळी पाणी पुरे. रात्री सनस्क्रीन किंवा मेकअप लावलेला असेल, तरच तेलाचा क्लेन्झर वापरायचा. तो बोटांनी मिनिटभर फिरवून ओल्या सुती रुमालाने टिपायचा, मग थोडासा फेस वॉश आणि एक तांब्या पाणी. रुमाल रोज धुतलेला हवा. काही लावलेलंच नसेल, तर पहिला टप्पा सोडून द्यायचा.

दहा टप्प्यांचं खरं काय

दहा टप्प्यांची यादी जगभर पोचली ती मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या कोरियन वंशाच्या लेखिका आणि विक्रेत्यांमुळे. शार्लट चो यांचं २०१५ मधलं पुस्तक त्यात महत्त्वाचं. कोरियातली प्रत्येक बाई रोज रात्री दहा बाटल्या उघडते असं नाही. तिथेच पुढे कमी वस्तूंत काम भागवण्याची ‘स्किप-केअर’ ही पद्धत रुजली.

नवख्या मुलीला तीन गोष्टी पुरतात: सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बाकी सगळं नंतर, एकेक करून.

मॉइश्चरायझरच्या बाबतीत कोरियन शिकवण मनमाडला चपखल लागू पडते. त्यांचा हिवाळा कडक आणि कोरडा, म्हणून त्यांनी पातळ थर एकावर एक लावायची रीत विकसित केली. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेलं पातळ द्रव आधी ओल्या चेहऱ्यावर, त्यावर क्रीम. इथे एक काळजी घ्यावी लागते. एप्रिलच्या कोरड्या हवेत नुसतं पातळ द्रव लावून सोडलं तर ओलावा उडून जातो आणि चेहरा आणखी सुकतो. वरून क्रीमचा थर हवाच. पावसाळ्यात जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर पुरतं, निफाडकडून गार वारं येऊ लागलं की दाट क्रीम काढायचं. हिवाळ्यात ओठ आणि टाचांसाठी साधी पेट्रोलियम जेली कोणत्याही महागड्या लिप मास्कच्या तोडीची ठरते.

सनस्क्रीन ही या सगळ्यातली सर्वांत मोठी कमाई. ‘ब्यूटी ऑफ जोसॉन’चं तांदळाच्या अर्काचं सनस्क्रीन भारतात लोकप्रिय झालं, कारण ते पांढरा थर न ठेवता मुरतं. पूर्वीची सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी दिसत, म्हणून मुली ती टाळत. बाटलीवरचा एसपीएफ हा आकडा कातडी भाजणाऱ्या यूव्ही-बी किरणांपासूनचं संरक्षण सांगतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हं यूव्ही-ए किरणांसाठी. हे किरण काचेतूनही आत येतात. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून नाशिकला अप-डाउन करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बाटलीवरचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने. म्हणजे चेहरा आणि मानेसाठी तर्जनी-मध्यमा या दोन बोटांवर काढलेल्या दोन रेघा. मुली त्याच्या पाव हिश्शाएवढं लावतात आणि टॅन का झाला म्हणून विचारतात. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. दुपारच्या उन्हात स्कार्फ, टोपी आणि छत्री यांना सनस्क्रीन हा पर्याय नाही. या गोष्टी त्याच्या जोडीला हव्यात.

कोरियन म्हणजे आपोआप उत्तम, असंही समजू नये. २०२० च्या अखेरीस एसपीएफ ५० चा दावा करणारं एक लोकप्रिय कोरियन सनस्क्रीन युरोपातल्या स्वतंत्र चाचणीत २० च्याही खाली आलं आणि ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. दीड हजाराच्या आसपासची आयात बाटली जपून-जपून वापरण्यापेक्षा चांगल्या भारतीय कंपनीचं चार-पाचशेचं सनस्क्रीन भरपूर लावणं मनमाडच्या उन्हात जास्त कामाचं आहे. ज्यांच्या गालांवर वांग आहेत, त्यांनी लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन निवडावं. दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतात आणि ते अडवण्याचं काम हा रंग करतो.

गोगलगाय, मंडूकपर्णी आणि ज्येष्ठमध

२०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्याच जीवाच्या जातभाईंचा चिकट स्राव कोरियन कंपन्या गाळून बाटलीत भरतात. ‘कॉसआरएक्स’च्या प्रसिद्ध एसेन्समध्ये हा स्राव ९६ टक्के असतो. त्यातले ओलावा धरणारे घटक कोरड्या त्वचेला मऊपणा देतात. तो प्राणिजन्य आहे, तेव्हा शाकाहारी घरांनी आधी विचार करावा. आणि ज्यांना धुळीची तीव्र अ‍ॅलर्जी आहे त्यांनी विशेष जपावं, कारण धुळीतल्या किडींची अ‍ॅलर्जी असलेल्यांना गोगलगाईचीही असू शकते.

‘सिका’ नावाने मिळणारी क्रीमं मंडूकपर्णीची. कोकणात ओलसर बांधावर उगवणारी कारिवणा ती हीच. लाल झालेली, चुरचुरणारी कातडी शांत करण्यासाठी तिचा उपयोग होतो. ज्येष्ठमधाचा अर्क डाग फिके करण्यासाठी अनेक कोरियन सीरममध्ये असतो. नायसिनामाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. दोन ते पाच टक्के प्रमाणात ते तेलकटपणा आणि काळे डाग दोन्हींवर काम करतं. दहा टक्क्यांची बाटली घेऊन दुप्पट फायदा होतो असं नाही, चुरचूर मात्र वाढू शकते. रेटिनॉल गरोदरपणात वापरू नये आणि शाळकरी वयात त्याची गरज नसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला सुरकुत्यांचं सीरम घेऊन देणाऱ्या पालकांनी ते पैसे सनस्क्रीनकडे वळवावेत.

नवी बाटली आली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडी लावून दोन-तीन दिवस पाहायचं. खाज, पुरळ नसेल तरच चेहऱ्यावर. दोन नव्या वस्तू एकाच आठवड्यात सुरू केल्या तर पुरळ कशाने आलं ते कळत नाही. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो, म्हणून आठ दिवसांत फरक नाही म्हणून बाटली फेकायची घाई नको, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवं काही लावायचं धाडसही नको.

कुशन, टिंट आणि पैठणी

मेकअपमध्ये कोरियन पद्धत हलक्या हाताची आहे. जाड फाउंडेशनऐवजी कुशनचे एक-दोन हात, भुवया सरळसर, डोळ्याखाली फिकट चमक, ओठांच्या मध्यभागी गडद आणि कडेला विरत जाणारा टिंट. रोजच्या कॉलेजला किंवा बँकेतल्या नोकरीला हा मेकअप शोभतो. पाच मिनिटांत होतो आणि उन्हाळ्यात जड वाटत नाही.

अडचण छटांची आहे. कोरियन बाजार वर्षानुवर्षं १३, २१, २३ अशा दोन-तीन गोऱ्या छटांवर चालला. २०२४ मध्ये डार्सी या अमेरिकी कृष्णवर्णीय इन्फ्लुएन्सरने ‘टिरटिर’च्या कुशनची सर्वांत गडद छटाही आपल्याला किती फिकी पडते हे दाखवलं. तो व्हिडिओ जगभर फिरला, कंपनीने तिला नव्या छटा पाठवल्या आणि काही महिन्यांत छटांची संख्या तिसापर्यंत नेली. ग्राहकाने ठामपणे मागितलं की बाजार बदलतो. मनमाडच्या गव्हाळ आणि सावळ्या मुलींनी २१ नंबरचं कुशन घेऊन चेहरा पांढराफटक करून घेऊ नये. आपली छटा मिळेपर्यंत लिप टिंट, ब्लश आणि काजळ यांवर थांबावं. छटा पाहायची तर जबड्याच्या रेषेवर आणि दुकानाबाहेरच्या उजेडात.

लग्नसराईत येवल्याची पैठणी, नथ, चंद्रकोर आणि मुंडावळ्या यांच्यासोबत नुसता फिका कोरियन मेकअप हरवून जातो. तिथे मनमाडच्या पार्लरमधल्या ताई जे करतात ते बरोबर आहे: डोळे आणि ओठ ठसठशीत, रंग त्वचेशी जुळणारा. कोरियाकडून घ्यायचं ते खालचं काम. महिनाभर आधीपासून नीट जपलेल्या त्वचेवर मेकअप कमी लागतो आणि तो मे महिन्याच्या मांडवात ओघळतही नाही.

गोरेपणाची जुनी भूल

कोरियन क्रीमच्या दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘गोरी होईन का?’ हाच असतो. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिने नाव बदललं. पंचेचाळीस वर्षांचं शिक्षण एका नावाने पुसलं जात नाही. कोरियातही गोऱ्या रंगाचं आकर्षण जुनं आहे आणि ‘ब्राइटनिंग’ या शब्दाआड ते आजही विकलं जातं. कोणतंही क्रीम जन्मजात रंग बदलत नाही. डाग कमी होतात, टॅन उतरतो, चेहरा तुकतुकीत होतो, एवढंच आणि हे पुष्कळ आहे.

या भुलीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींनी ब्यूटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम वापरलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. ही हकिगत २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली. पारा मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य बनणं रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो, आणि कातडीतून तो रक्तात उतरतो. दुसरा धोका स्टेरॉइडचा. ‘फॉर्म्युला क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत आणि मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेल्या ट्यूबमध्ये तो असतो. चेहरा आठवड्यात उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली आणि केस येतात, आणि ट्यूब सोडली की आग होते. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, पाळणारे कमी आहेत.

कोरियन नावाने येणाऱ्या बनावट मालातही हेच सगळं असू शकतं. ओळखायचं कसं? भारताच्या कॉस्मेटिक्स नियम, २०२० नुसार आयात मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. हे स्टिकर नसेल तर वस्तू घेऊ नये. तारीख पाहताना कोरियात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात आणि ती तारीख बनवल्याचीही असू शकते, हे ध्यानात ठेवावं. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२’ हा आकडा असेल तर उघडल्यापासून बारा महिन्यांत वस्तू संपवायची. निम्म्या किमतीत मिळणारी ‘ओरिजिनल’ बाटली बहुतेकदा ओरिजिनल नसते. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत ४० अंशांत ठेवलेलं व्हिटॅमिन सीचं सीरम पिवळट-तपकिरी होऊन निकामी होतं. ते सावलीत, गार जागी ठेवावं.

रुळांवरची माणसं

कोरियात पुरुषही मोठ्या प्रमाणावर त्वचेची निगा राखतात. तिथे सक्तीच्या लष्करी सेवेत उन्हात उभं राहावं लागतं, म्हणून सैनिकांसाठी वेगळं सनस्क्रीन विकलं जातं. मनमाडमध्ये दिवसभर उन्हात राबणारे कमी नाहीत. रुळांवरचे ट्रॅकमन, गोदामातले माथाडी, बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभे राहणारे शेतकरी, दुचाकीवरून पार्सल पोचवणारी पोरं. त्यांच्या गालांवरचे काळे डाग आणि मानेवरची भाजलेली कातडी ही कामाची खूण म्हणून सोडून दिली जाते. सनस्क्रीनची गरज घरात बसणाऱ्या मुलीपेक्षा त्यांना अधिक आहे. घरात एक बाटली आली तर ती भावाच्या आणि वडिलांच्या हातातही द्यावी. मुरुम, वांग किंवा न जाणारी खाज असेल तर मात्र बाटल्या बदलत बसू नये, नाशिकला जाऊन त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

या दिवाळीत पहिली कोरियन वस्तू घेणार असाल तर सनस्क्रीन घ्या, आयातदाराचं स्टिकर पाहून घ्या आणि ती भरपूर लावा. मनमाडमधल्या जनरल स्टोअर आणि पार्लर चालवणाऱ्या भाऊ-ताईंना विनंती आहे की लेबल नसलेलं, नोंदणी क्रमांक नसलेलं एकही क्रीम आपल्या काउंटरवर ठेवू नका. तुमच्या शब्दावर गावातल्या मुली विश्वास ठेवतात.